दामूभाऊंची उडी

ड्रायव्हरला कंडक्टर दिसत नाही, ऐकू येतो. दामोदर लांजेवार आणि मी नोकरीतली बहुतेक वर्षं एकाच बसवर काढली. भंडारा ते पवनी, अधूनमधून बपेऱ्याची मुक्कामाची फेरी. त्यामुळे दामूभाऊ आजही मला आठवतात ते आधी आवाज म्हणून. चेहरा मागून येतो.

आणि आवाज असा, की हॉर्न वाजवायची मला गरजच पडू नये. "ओ निळा शर्ट, मांगं सरका ना बाप्पा, मांगं का वाघ बसला?" "बाई, थे पोट्टं मांडीवर घ्या, मोठं झालं का सीट देऊ त्याले." अड्याळ जवळ आलं की, "अड्याळवाले, उठा. उरलेली झोप घरी करा." लोक हसत, चिडत, पण मागं सरकत. मला दामूभाऊ पायलट म्हणायचे. माझं आडनाव गभणे आहे, हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे.

त्यांची एक सवय मला फार छळायची. प्रवासी उतरला की बेल द्यायच्या आधी ते दारातून अर्धे बाहेर झुकायचे. पुढं बघायचे, मागं बघायचे. उतरलेलं माणूस रस्त्याच्या कडेला नीट उभं राहिलेलं दिसलं की मगच दोरी ओढायचे. प्रत्येक थांब्यावर हेच. मी आरशात बघून ओरडायचो, "दामूभाऊ, टाइम होऊन राहिला!"

"टाइम उद्या बी येते, पायलट. म्हातारी चाकाखाली गेली तं थे उद्या येत नाही."

आणि पुढं त्यांचं ठरलेलं वाक्य, "माह्या गाडीतली सवारी माह्या जिम्म्यावर हाये."

एका पावसाळ्यात तुमसरकडच्या एका नाल्याच्या पुलावर पाणी आलं होतं. घोट्याएवढं असेल, फार तर गुडघ्याएवढं. गाडीत लग्नाची मंडळी होती. नवरदेवाचा मामा माझ्या कानाशी येऊन बसला, "काढा ना ड्रायव्हर सायेब, काही नाही होत." खरं सांगायचं तर मी काढलीही असती. तेवढ्यात दामूभाऊ खाली उतरले आणि बोनेटसमोर जाऊन उभे राहिले. हात कमरेवर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "न्या," म्हणाले, "पन माह्या अंगावरून न्या."

आम्ही थांबलो. आम्ही थांबलेलो असतानाच एक ट्रॅक्टर आमच्या बाजूनं आरामात पूल ओलांडून गेला. त्याच्या ट्रॉलीत बायका बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला हातही केला. बसमधली मंडळी दामूभाऊंना काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामा तर अंगावर धावून गेला. मुहूर्त टळला, डेपोत तक्रार झाली, साहेबानं दोघांनाही उभं करून झापलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ट्रॅक्टर गेला ना भाऊ."

"गेला तं गेला," ते म्हणाले. "त्यायची सवारी त्यायच्या जिम्म्यावर."

असा माणूस. आडदांड, तोंडाळ, दुसऱ्याच्या डब्यातली भाजी न विचारता उचलणारा आणि स्वतःचा डबा सगळ्यांत वाटून शेवटी हात पुसत बसणारा. एकट्यानं जेवायला त्यांना जमायचंच नाही. मुक्कामाच्या गावी जेवायला कोणी नसलं तर ते रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून बसवायचे.

त्यांची बायको, कौसल्यावहिनी, त्यांच्या अगदी उलट. ठेंगणी, बारीक, कमी बोलणारी. दामूभाऊ घरातही कंडक्टरच असायचे. "अवो, पानी. अवो, थे खुर्ची सरकव. अवो, पायलटले आंबट वरन वाढ." वहिनी सगळं करायच्या, पण त्यांच्या घाईनं कधी करायच्या नाहीत. पाणी यायचं ते वहिनींच्या वेळेवर यायचं. मला वाटायचं, या घरात हुकूम एकाचा चालतो आणि घर दुसरीचं चालतं.

गाव त्यांचं अड्याळपासून आत, धरणाच्या पाण्याला लागून. पिढ्यान्‌पिढ्या धान लावणारं घर. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांची अर्धी जमीन बुडाली. निवृत्त झाल्यावर दामूभाऊंनी एक जुना डोंगा घेतला, गावातल्या सुखदेव ढिवराकडून. सुखदेव म्हणजे सगळा जन्म पाण्यावर काढलेला माणूस. गाव हसलं. कास्तकाराच्या घरात डोंगा! दामूभाऊ मला पहिल्यांदा त्यात बसवून मधोमध घेऊन गेले आणि वल्हं उचलून म्हणाले, "पायलट, आता तुमी माह्या वावरात हाव. खाली बांधी हाये आमची, चार एकराची. पह्यले धान पेरत होतो, आता जाळं पेरतो."

मासे त्यांना बेताचेच मिळायचे. मिळाले की गल्लीत वाटून मोकळे. पोहता येत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कंडक्टरले गाडी चालवता येते का? नाही ना? मंग."

जाळं टाकायला-काढायला दोन माणसं लागतात, म्हणून वहिनी जाऊ लागल्या. समोर बसायच्या, जाळं ओढायच्या. मागून दामूभाऊंचा आवाज चालूच. "हालू नोको. तिकडं वाकू नोको. बस तिथंच!"

तो दिवस आश्विनातला होता. लवकर येणारा हलका धान पिवळा पडत आला होता. सकाळपासून आभाळाचं काही ठरत नव्हतं. ऊन पडायचं, दहा मिनिटांत काळं व्हायचं, चार थेंब पडायचे, परत ऊन. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून झिंगे खायला आलो होतो. दामूभाऊंनीच फोन करून बोलावलं होतं. जाळं आदल्या संध्याकाळी टाकलेलं होतं, ते काढायचं होतं.

काठावर सुखदेव आपला डोंगा वर ओढून उलटा करून ठेवत होता. म्हणाला, "आज नोका जाऊ, भाऊ. वारा फिरून राहिला."

"जाळं पान्यात हाये ना रे. मासे सडतीन."

"सडू द्या."

"हा गेलो अन् हा आलो," दामूभाऊ म्हणाले. मलाही वाटलं, काय होतंय. पाणी अगदी सपाट होतं.

जाळं गावापासून बरंच आत होतं, बुडालेल्या झाडांच्या ओळीपाशी. धरणात गेलेली ही झाडं वाळून काळी पडली आहेत, पण अजून उभी आहेत. आम्ही निम्मं जाळं ओढलं असेल. रोहू होते, एक चांगली जाडजूड वाम होती. वहिनी जाळ्यातून झिंगे सोडवून डब्यात टाकत होत्या. तेवढ्यात ऊन एकदम विझल्यासारखं झालं आणि पलीकडच्या काठाकडून पाण्यावर एक काळी रेघ आमच्याकडे सरकताना दिसली.

"वावधन," वहिनी म्हणाल्या. तोच एक शब्द.

पहिल्या झोतातच डोंगा आडवा झाला. लाट काठावरून आत आली, मांडीपर्यंत पाणी झालं. मी पुढच्या बाजूला होतो, तोंड वाऱ्याकडे करून, दोन्ही हातांनी बांबू पाण्यात रोवायला बघत होतो. बांबू टेकतच नव्हता. जाळं अजून अर्धं पाण्यात, ते डोंग्याला एका बाजूला ओढत होतं. मी ओरडत होतो, "जाळं सोडा, जाळं सोडा!" मागून काहीच उत्तर आलं नाही. दामूभाऊंचा आवाज नव्हता, याचीच मला आधी भीती वाटली.

डोंगा झाडांच्या ओळीला घासून गेला. मग मागून एक जोराचा हिसका बसला आणि डोंगा एकदम हलका होऊन गर्रकन फिरला. मी वळून बघितलं. मागची जागा रिकामी होती. दामूभाऊ एका वाळल्या झाडाला दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी मिठी मारून होते. डोळे गच्च मिटलेले. उडी मारताना त्यांचा पाय डोंग्याला लागला होता, त्या लाथेनंच आम्ही झाडांपासून लांब फेकले गेलो होतो. आमच्यातलं अंतर बघता बघता वाढलं.

वहिनी झाडाकडं बघत होत्या. थोडाच वेळ. मग त्यांनी झिंग्यांचा डबा पाण्यात उपडा केला आणि त्याच डब्यानं पाणी उपसायला लागल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, मागं बसा. पुढचं वजन कमी करा." मी बसलो. डोंग्यातल्या विळ्यानं त्यांनी जाळ्याची दोरी कापली. वारा जिकडं नेईल तिकडं गेलो, आणि नशीब म्हणून तो आम्हाला खुल्या पाण्यात न नेता गावाच्याच अंगाला घेऊन गेला. एका उंच बांधावर डोंगा टेकला. तोवर काठावर निम्मं गाव जमलं होतं.

वारा थोडा पडल्यावर सुखदेव गेला आणि दामूभाऊंना झाडावरून घेऊन आला. छाती, हात, सगळं सोललं होतं. ते डोंग्यातून उतरले आणि खाली बघत उभे राहिले. कोणीतरी विचारलं, "काय झालं भाऊ? तुमी झाडावर कसे?"

दामूभाऊंनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी वहिनी बोलल्या. एवढ्या मोठ्यानं त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"यायनंच वाचवलं आमाले. डोंगा झाडावर आदळून फुटला असता. यायनं सोता झाडाले धरलं अन् पायानं डोंगा इकडं लोटून देल्ला. मून आमी हाव."

बायकांनी हात जोडले. कोणी दामूभाऊंच्या खांद्यावर कोरडी चादर टाकली. एकानं माझ्याकडं बघून विचारलं, "हाव का हो?" मी वहिनींकडं पाहिलं आणि मान हलवली. ती गोष्ट त्यांची होती. मोडायचा अधिकार मला नव्हता असं मला वाटलं, आजही वाटतं.

दामूभाऊ त्या चादरीत थरथरत होते. लोकांना वाटलं, थंडीनं.

गोष्ट गावभर झाली आणि गोष्टी वाढतात तशी वाढली. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्या तोंडावर ती एकमेकांना सांगायचे, आणि दामूभाऊ आपल्या चपलांकडं बघत बसायचे. लोक म्हणायचे, बघा, मोठेपणा नाही माणसाला. घरी त्यांनी वहिनींना हाका मारणं बंद केलं. स्वतः उठून पाणी घ्यायचे. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायचे. ज्या माणसाला एकट्यानं घास गिळवत नव्हता, तो आता चार माणसांत ताट घेऊन कोपरा शोधायचा.

मला त्यांचे फोन यायला लागले. भरदुपारी यायचा, "काय करून राहिले, पायलट?" आणि मग धानाची, पाण्याची चौकशी. एकदा शेवटी म्हणाले, "तुमी तं व्हते ना तिथं. एक सांगा. उडी माराच्या आधी मी तिच्याकडं पाह्यलं का?"

"मला नाही माहीत, भाऊ. माझी पाठ होती."

"हाव. पाठ व्हती तुमची," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळी झाली. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात. त्या मंडईत दुपारी दामूभाऊंचा सत्कार ठरला. मला त्यांच्या मुलीचा निरोप आला म्हणून गेलो. मंडपात वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मुलीनं दिलेली नवी हिरवी साडी नेसून. शेजारच्या बायका त्यांच्याकडं कौतुकानं बघत होत्या, आणि वहिनींच्या तोंडावर, मी पहिल्यांदाच बघत होतो, थोडंसं सुख होतं. सरपंचांनी भाषणात तेच सांगितलं, नोकरीभर सवारी जपणारा माणूस, त्यानं जीव धोक्यात घालून घरची लक्ष्मी वाचवली.

शाल अंगावर पडली. नारळ हातात आला. दामूभाऊंनी माईक मागून घेतला.

"मी कोनाले वाचवलं नाही," ते म्हणाले.

लोक हसले. कोणी टाळ्याही वाजवल्या.

"हासू नोका. मी उडी मारली. जीव घेऊन पळालो मी. डोंग्याले लाथ बसली थे उडी मारतानी बसली, लोटाले नाही मारली. मले तवा कोनी दिसलं नाही. पायलट दिसला नाही. ही बी दिसली नाही. ही खोटं बोलली माह्यासाठी." त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. "मले हे नोको."

टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला, कारण मागच्यांना ऐकू आलं नव्हतं. मग सगळे वळून वहिनींकडं बघायला लागले. दामूभाऊंकडं नाही, वहिनींकडं. त्या उठल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि रांगेतून वाट काढत एकट्याच घराकडं निघून गेल्या.

आम्ही मागोमाग घरी पोचलो. मी दारातच थांबलो होतो, परत निघणार होतो. दामूभाऊ आत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मले राहवलं नाही. खोट्याचा भार झाला व्हता."

वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती.

"तुमाले हलकं वाटून राहिलं ना?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. आता माहं सांगा. उद्या नळावर मी कोन हाव? जिले नवरा पान्यात सोडून पळाला, थे बाई. पोरगी तिच्या सासरी काय सांगंन? मी तुमाले झाकलं होतं. तुमी मले उघडं पाडलं."

"माफी मांगतो मी."

"थांबा. खरं सांगाचं होतं तं पूरं सांगाचं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "कोनी दिसलं नाही म्हनता? मी समोर बसली होती. तुमी माह्याकडं पाह्यलं. चांगलं पाह्यलं. मंग झाडाकडं पाह्यलं. मंग उडी मारली. थे आताबी झाकूनच ठेवलं ना तुमी?"

मला वाटलं, नाही म्हणतील. मनात मी प्रार्थनाच करत होतो की नाही म्हणावं.

"हाव," ते म्हणाले. "पाह्यलं."

आणि तिथंच, दाराच्या आत, भिंतीला धरून खाली बसले. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांत तोंड लपवून. वहिनी उठल्या नाहीत. मी माझी पिशवी उचलली आणि निघालो. मी काही न ऐकल्यासारखं करायला हवं होतं, पण मला ते जमत नव्हतं, आणि तिथं थांबणं तर मुळीच जमण्यासारखं नव्हतं.

पुढं त्यांच्या घरी काय काय झालं ते मला मुलीकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. वहिनी घर सोडून गेल्या नाहीत. बोलणं मात्र कामापुरतं. बायकांनी कीव करायला सुरुवात केली तरी त्यांनी नळावरची वेळ बदलली नाही. गर्दीच्या वेळीच जायच्या आणि ज्या कीव करायच्या त्यांच्याकडं सरळ बघायच्या. मग एक दिवस त्या सुखदेवच्या बायकोकडं गेल्या आणि म्हणाल्या, मले वल्हवाले शिकवा. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. उन्हाळा लागायच्या आत त्या एकट्या डोंगा घेऊन जायला लागल्या होत्या. जाळं लहान घेतलं, एकीला ओढता येईल असं. मासे दामूभाऊंपेक्षा जास्त आणायच्या.

दामूभाऊ पाण्यावर परत कधी गेले नाहीत. त्यांना कोणी जा म्हणालं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. डोंग्याला डांबर लावून द्यायचे, जाळ्याची भोकं शिवून द्यायचे. गावातला त्यांचा आवाज गेला तो गेलाच. शेजारीही आता त्यांचं बोलणं पुढं वाकून ऐकायचे.

दामूभाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या पावसाळ्याच्या शेवटी. काही काम नव्हतं, उगाच गेलो होतो. घराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, "मामा तं काठावर असतीन. मामी पान्यावर गेली का थे तिथंच असते."

ते काठावर उभे होते. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, बस. आभाळ भरून आलं होतं आणि वारा धड एका दिशेनं येत नव्हता. लांब, झाडांच्या ओळीच्या अलीकडं, वहिनींचा डोंगा दिसत होता. त्या परत येत होत्या, पण वारा आडवा होता आणि पाणी उसळायला लागलं होतं. डोंगा दोन हात पुढं यायचा, एक हात बाजूला जायचा.

दामूभाऊ पाण्यात उतरले. चपला घालूनच. मी म्हटलं, "भाऊ, येतील त्या, तुम्ही कुठं..." त्यांनी ऐकलं नाही. गुडघ्यापर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले. लाट आली की ते मागं ढकलले जायचे, परत पाय रोवायचे. मी त्यांच्या मागं काठापर्यंत गेलो आणि ओरडलो. पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं.

डोंग्यातून वहिनींनी त्यांना पाहिलं. वल्हवणं न थांबवता त्या ओरडल्या, "बाहेर निंगा! मी येऊन राहिली ना!"

ते बाहेर निघाले नाहीत. दोन्ही हात समोर पाण्यावर पसरून तसेच उभे राहिले, डोळे उघडे, वहिनींवर लावलेले. डोंगा हळूहळू जवळ आला. त्याची कड त्यांच्या हाताला लागली तेव्हा त्यांनी ती धरली. वहिनी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी वल्हं उचलून आत आडवं ठेवलं आणि दामूभाऊंना डोंगा काठाकडं ओढू दिला.